संमतीपत्रावर सही कुणाची?

“दशावतारात बापये लुगडा नेसतत, म्हणान काय कोण ऑपरेशन करून घेता?” हा सवाल वेंगुर्ल्यात बाजारात, एसटी स्टँडवर, कधी लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. विचारणारा दुष्ट नसतो. त्यानं लहानपणापासून जत्रेतला स्त्रीपार्टी पाहिलेला असतो: पेटाऱ्याशी बसून, हातात आरसा धरून स्वतःच रंग लावणारा आणि शेवटची पिन खोचताच राणीच्या चालीनं उठणारा. त्या कलावंताला गाव मान देतं. पहाटे दहीकाला झाला की तो रंग पुसतो, घरी जातो, दुपारी काजूच्या बागेत कामाला लागतो. मग स्वतःला बाई म्हणवणाऱ्यालाही एवढ्यावर का भागू नये, असा त्या सवालामागचा विचार असतो.

विचार चुकतो तो पहाटेपाशी. नटासाठी लुगडं हे सोंग आणि रंग पुसल्यावरचा चेहरा खरा. पारलिंगी स्त्रीचं नेमकं उलट असतं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, फुटलेली मिसरूड, घोगरा झालेला आवाज हेच तिनं वर्षानुवर्षं वागवलेलं सोंग, आणि ते उतरवायला तिच्यासाठी पहाट होत नाही. काहीजणींना नाव आणि पेहराव बदलला की पुरतं. काहीजणींना हार्मोन हवे असतात, काहीजणींना शस्त्रक्रियाही. यातलं काय हवं आणि काय नको हे त्या स्त्रीनं ठरवायचं आहे. बाकीच्यांनी, म्हणजे घरानं, डॉक्टरनं आणि सरकारनं, तिचा निर्णय डोळस आणि सुरक्षित होईल एवढं पाहायचं आहे. या एवढ्या साध्या गोष्टीला किती बाजूंनी आडकाठी होते ते पाहण्यासारखं आहे.

पहिली आडकाठी घराची. ‘आईबापांना न विचारता हे करता कसं येईल?’ याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१२ मध्येच देऊन ठेवलं आहे. आसामहून आलेल्या, एकवीस वर्षांच्या स्वाती बिधान बरुआ यांनी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरवली होती. घरच्यांनी विरोध केला, रुग्णालय बिचकलं आणि शस्त्रक्रिया थांबली. स्वाती कोर्टात गेल्या. सज्ञान व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करून घेण्यापासून रोखणारा कोणताही कायदा नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. पुढे २०१८ मध्ये त्याच स्वाती बरुआ आसामात लोकअदालतीच्या न्यायाधीश म्हणून बसल्या, त्या राज्यातल्या पहिल्या पारलिंगी न्यायाधीश.

नातेवाइकाच्या सहीचा प्रश्न पारलिंगी स्त्रियांपुरता नाही. सर्वोच्च न्यायालयात १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्याचा निकाल लागला. दिल्लीतली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री निव्वळ दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईची सही घेतली गेली आणि तिचं गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयानं म्हटलं की रुग्ण सज्ञान होती, जिवावरचा तातडीचा प्रसंग नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची सही ही तिची संमती होत नाही. जी सही एका बाईचं गर्भाशय काढायला पुरत नाही, ती दुसरीची शस्त्रक्रिया अडवायला कशी पुरेल?

मराठी वाचकाला बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे आठवत असतील. त्यांची वाट उलट दिशेची, बाईपणाच्या नोंदीतून पुरुषपणाकडे जाणारी. पण अडवणूक ओळखीची होती. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, आणि बराच खटाटोप झाल्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. म्हणजे कुठे बाप परवानगी देणारा, कुठे साहेब.

हे म्हणताना घराला मोडीत काढायचं नाही. शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवस कुणीतरी उशाशी लागतं. पेज करून देणारं, पाणी तापवणारं, लघवीची पिशवी रिकामी करणारं माणूस लागतं. आईची सही नको आहे. आईच्या हातची पेज मात्र हवी आहे, आणि ती मिळाली तर बरं होणं कितीतरी सोपं जातं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘आज करतील आणि उद्या पस्तावतील.’ २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ अभ्यास आणि ७,९२८ रुग्ण एकत्र पाहिले गेले. लिंगपुष्टी शस्त्रक्रियेनंतर पस्तावा झालेल्यांचं प्रमाण सुमारे १ टक्का निघालं. हा आकडा वेदवाक्य मानू नये. अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता, पस्तावा मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या, आणि जी रुग्ण पुन्हा दवाखान्यात फिरकलीच नाही तिच्या मनातलं कुणाच्या तक्त्यात येत नाही. तरीही ‘बहुतेकजणी पस्तावतात’ या ठाम विधानाला या आकड्यांत कुठेच आधार नाही. इंग्लंडच्या २०२४ च्या कॅस अहवालाचा दाखला इथे दिला जातो, पण तो अहवाल मुलं आणि किशोरवयीनांसाठीच्या सेवेबद्दल आहे. पंचविशी-तिशीतल्या बाईच्या निर्णयावर तो लादणं हा वाचनातला आळस आहे.

मात्र एक नाव असं आहे की जे टाळून या बाजूनं बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. अनन्या कुमारी अलेक्स, केरळातल्या पहिल्या पारलिंगी रेडिओ जॉकी. २०२० मध्ये कोचीतल्या एका खासगी रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. वर्ष उलटलं तरी वेदना थांबत नाहीत, फार वेळ उभं राहता येत नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. जुलै २०२१ मध्ये त्या राहत्या घरी मृतावस्थेत सापडल्या आणि सरकारनं चौकशी लावली. ‘बघा, म्हणून नको म्हणत होतो,’ असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं म्हणणं पुन्हा ऐकावं. बाई झाल्याचा पस्तावा त्यांनी सांगितला नव्हता. तक्रार होती ती झालेल्या शस्त्रक्रियेची आणि तिच्यामागून आलेल्या दुखण्याची. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं म्हणून कुणी डोळ्यांची ऑपरेशनं बंद करा म्हणत नाही. किती शस्त्रक्रिया केल्यात, गुंतागुंत झाली तर काय कराल, नंतर कोण बघेल, हे आधी विचारलं जातं. पारलिंगी स्त्रीला हे प्रश्न विचारण्याचा धीर आणि त्यांची सरळ उत्तरं, दोन्ही मिळायला हवीत.

आता उलट टोक. ‘ऑपरेशन केल्याशिवाय ती बाई कसली?’ हे जितकं बाहेरचा समाज म्हणतो तितकंच कधी कधी हिजडा समुदायाच्या घराण्यांतूनही येतं. त्यांच्या भाषेत न कापलेली ती आकवा आणि कापलेली ती निर्वाण, आणि मान निर्वाणला जास्त. त्या मानापोटी पिढ्यानपिढ्या दाईच्या हातानं, भुलीशिवाय, लिंग आणि वृषण एकत्र काढले गेले. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गात काहीजणी गेल्या. ज्या वाचल्या त्यांच्यातल्या अनेकींना एक गोष्ट कुणी सांगितलीच नाही: वृषण गेले की शरीरातलं पुरुषी हार्मोन जवळजवळ संपतं, आणि त्याजागी इस्ट्रोजेन घेतलं नाही तर हाडं ठिसूळ होत जातात. चाळिशीत अंगातून वाफा निघतात, साध्या पडण्यानं मनगट मोडतं, आणि दोष नशिबाला दिला जातो.

सर्वोच्च न्यायालयानं पारलिंगींच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात शस्त्रक्रियेची ही अट मुळातूनच नाकारली होती. लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं अनैतिक आणि बेकायदा आहे, असा त्याचा आशय. तरी पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यानं एक जिना ठेवलाच: कलम ६ खाली जिल्हाधिकारी ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून प्रमाणपत्र देणार, पण ‘स्त्री’ असं लिहून हवं असेल तर कलम ७ खाली वैद्यकीय कागद आणायचा. कागदासाठी शरीर कापून घ्यायला लावणं ही जबरदस्तीच झाली, मग ती घराण्यातल्या गुरूनं केलेली असो की सरकारनं. शस्त्रक्रिया नको म्हणणारीही तितकीच बाई आहे, आणि हवी म्हणणारीला ‘नुसत्या साडीवर भागव’ सांगायचा अधिकार कुणाला नाही. एकाच तत्त्वाची ही दोन टोकं.

शस्त्रक्रियेवर इतकं बोललं जातं की त्यामागे हार्मोनच्या गोळ्या झाकून जातात, आणि खरी हानी बहुधा तिथे होते. माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन पाहावं. २८ गोळ्या: २१ पांढऱ्या हार्मोनच्या आणि ७ गडद रंगाच्या लोहाच्या. मेडिकलमध्ये कुणी फारसं विचारत नाही, किंमत किरकोळ. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून एक गोळी सुरू होते, फरक दिसेना म्हणून दोन, मग तीन. या गोळीत इथिनिल इस्ट्रॅडिओल असतं. त्यानं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तंबाखू-विडी असेल तर आणखी, आणि ती गुठळी फुफ्फुसात गेली तर जीव जातो. म्हणूनच आताचे तज्ज्ञ हे औषध टाळून साधं इस्ट्रॅडिओल देतात, सोबत पुरुषी हार्मोन दाबणारं औषध, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. छातीला उभार यायला तीन ते सहा महिने लागतात, पुरता यायला दोन-तीन वर्षं. गोळ्या तिप्पट केल्यानं तो लवकर येत नाही. आवाज गोळ्यांनी बदलत नाही, दाढी जात नाही. मूल होण्याची क्षमता कमी होते, कायमचीही जाऊ शकते, म्हणून वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर ते आधीच. एवढं चार वाक्यांत सांगणारा डॉक्टर मिळाला असता तर कितीजणींची वर्षं वाचली असती.

इथे वेंगुर्ल्याचा विषय थेट येतो. पुरुषी हार्मोन दाबण्यासाठी वापरलं जाणारं एक औषध स्पायरोनोलॅक्टोन. हृदयाच्या आणि यकृताच्या रुग्णांना ते वर्षानुवर्षं दिलं जातं, त्यामुळे कुठल्याही मेडिकलमध्ये ते नवं नाही. ते रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. किनाऱ्यावरच्या गावात उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन शहाळी सहज पोटात जातात, वर केळी. मूत्रपिंड थोडं कमजोर असेल तर हे जुळून हृदयाची लय बिघडू शकते. परदेशातल्या पत्रकात शहाळं सापडणार नाही. गावचा डॉक्टरच ते विचारू शकतो, आणि त्यानं ते विचारावं म्हणून त्याच्यासमोर बाईला खरं सांगता आलं पाहिजे.

‘हे पाश्चात्त्य खूळ’ या आक्षेपाला फार वेळ देण्याचं कारण नाही. ज्या देशात निर्वाणची रीत शतकांची आहे, तिथे भूल आणि टाके तेवढे नवे आले.

सरकारनं कागदावर पुष्कळ मान्य केलेलं आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि त्याआधी-नंतरचं समुपदेशन शासनाच्या जबाबदाऱ्यांत लिहिलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांच्या विम्याची घोषणा झाली. तमिळनाडूनं तर त्याच्या कितीतरी आधी सरकारी रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया सुरू केल्या. आपल्याकडे कल्याण आणि पुण्यात पारलिंगींसाठी मित्र क्लिनिक उघडली होती. २०२५ च्या सुरुवातीला त्यांना मिळणारी अमेरिकेची मदत थांबली आणि ती क्लिनिकं बंद पडली. परक्याच्या पैशावर उभं राहिलेलं काम किती लवकर कोसळतं ते तेव्हा दिसलं, आणि महाराष्ट्रानं ते स्वतःच्या तिजोरीतून चालवायला हवं होतं हेही.

वेंगुर्ल्याहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. गावात रेल्वे नाही, गाडी धरायला कुडाळ किंवा सावंतवाडी. मोठं दुखणं आलं की माणसं गोव्यात बांबोळीला जातात. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होणार हे उघड आहे, पण बाकीचं सगळं तिकडेच का व्हावं? रक्त इथे काढता येतं. मार्च २०२० पासून दूरध्वनी-व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम आहेत. मुंबईचा हार्मोनतज्ज्ञ पडद्यावर आणि गावचा डॉक्टर शेजारी, अशी भेट अशक्य नाही. सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालयांना सांगितलं की पारलिंगी आणि तत्सम समुदायांविषयीचा तुच्छतेचा मजकूर शिकवू नये. तिथे शिकणाऱ्या मुलांना आणखी एक पाऊल पुढे नेऊन इस्ट्रॅडिओलची मात्राही शिकवावी.

कारण शस्त्रक्रिया टेबलावर संपत नाही. योनी तयार केल्यावर ती मिटू नये म्हणून डायलेटर वापरावा लागतो, सुरुवातीला दिवसातून अनेकदा, मग हळूहळू कमी, पण महिनोन्‌महिने. पडवी, माजघर, देवघर अशा सलग घरात आतून कडी लावता येईल अशी एक खोली, अर्धा तास आणि बाहेरून ‘काय करतंस गो आत?’ न विचारणारी माणसं, एवढं त्यासाठी हवं. आणि एखाद्या रात्री रक्त थांबेना झालं तर ती रिक्षानं गावच्या सरकारी रुग्णालयात येईल. तिच्या पिशवीत मुंबईचं डिस्चार्ज कार्ड असेल. ड्युटीवरच्या डॉक्टरनं ते हातात घेऊन, तिला तिच्या नावानं हाक मारून, पहिला प्रश्न विचारायचा आहे: रक्त कधीपासून जातंय?