पाय उचलून पाहा



औंढ्याची कथा वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेवरायांना ते सहन झाले नाही. विसोबांनी सांगितले, देव नसेल त्या जागी माझे पाय ठेव. नामदेवरायांनी ते पाय उचलले, दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. पुन्हा उचलले, पुन्हा तेच. कीर्तनात आपण पिंडीपाशी डोलतो. पण पाय कोणाच्या हातांनी उचलले गेले, याचा विचार किती जण करतो?

आज त्याच औंढा तालुक्यात लिगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसरचा प्रकाश. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर अवकाशालाच जो सूक्ष्म हेलकावा बसतो, तो इथे टिपायचा.

हे कानावर आल्यापासून आमच्या गोरेगावाकडे दोन बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, ‘यात नवे काय? हे सगळे आपल्या पोथीत आधीच आहे.’ दुसरा म्हणतो, ‘शास्त्रज्ञ सांगतात ना, मग खरेच असणार.’ दोघे एकमेकांशी भांडतात, पण माझे भांडण दोघांशी आहे. दोघांनीही पाय उचललेले नाहीत. दोघांचाही अनुभव उसना आहे, फक्त सावकार वेगळा.

पोथीत असेल, तर पहिला हेलकावा १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपेपर्यंत आपण गप्प का होतो? दुसऱ्याने पीक काढले की बांधावर उभे राहून ‘बी आमचेच’ म्हणणे, याला ग्रंथाचा मान राखणे म्हणत नाहीत. ज्ञानोबा-तुकोबांना असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही.

‘पण माऊली, आम्ही अडाणी माणसे, आम्ही काय तपासणार?’ तपासता येते. हिंगोलीच्या परिसरात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ओळंबा लावून १०० सेंटिमीटरची काठी सरळ उभी करा. घड्याळातले बारा धरू नका. सावली सर्वांत लहान होते तो क्षण धरा. त्या क्षणी इथे सावली जवळजवळ नाहीशी होते. त्याच दुपारी पंढरपुरातल्या सोयऱ्याला फोन करून तशीच काठी उभी करायला सांगा. तिथे साडेतीन सेंटिमीटरची सावली पडेल, तीही दक्षिणेकडे. हा फरक सुमारे २ अंशांचा. फक्त उत्तर-दक्षिण अंतर धरले, तर पंढरपूर आपल्यापासून साधारण २२० किलोमीटर दक्षिणेला. २ अंशांना २२०, तर ३६० अंशांना किती? चाळीस हजारांच्या जवळ. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे. ज्या वाटेने आपण पायी जातो, त्याच वाटेने पृथ्वी मोजता येते.

एवढ्यावर लगेच मान डोलवू नका. पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ असता, तरी दोन सावल्यांत असा फरक पडला असता. म्हणून चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड पाहा. ती दर खेपेला गोलच दिसते. एक पडताळा पुरत नाही. नामदेवरायांनीही पाय एकदाच उचलून सोडले नाहीत.

अवकाशाचा हेलकावा मात्र काठीने मोजता येणार नाही. तिथे एवढेच विचारा : सांगणारा स्वतःला तपासून घेतो का? सप्टेंबर २०१० मध्ये लिगोच्याच मोजक्या लोकांनी आपल्या यंत्रांत गुपचूप एक खोटा संकेत सोडला. बाकीच्यांनी कित्येक महिने त्याचा अभ्यास केला, निबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला, तेव्हा कळले की ती परीक्षा होती. गोरोबाकाकांचे थापटणे आणखी वेगळे काय होते? २०१५ चा संकेतही सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत उमटला होता, आणि तरीही पाच महिने तपासून मगच तो जगाला सांगितला गेला. जो आपले मडके थापटू देतो, त्याच्यावर विश्वास ठेवणे ही आंधळी श्रद्धा नव्हे. जो थापटू देत नाही, तो फडावर उभा असो की प्रयोगशाळेत, त्याचे मडके कच्चे समजा.

कोणी म्हणेल, विठ्ठलाचे प्रेम काय काठीने मोजायचे? मुळीच नाही. ते ज्याचे त्याने नामात अनुभवायचे. पण तिथेही दुसऱ्याच्या जेवणाने आपले पोट भरत नाही, हेच संतांनी शिकवले. मग जमीन, आभाळ, औषध यांविषयी कोणी देवाचे नाव घेऊन काही सांगितले, की आपण लगेच हात का जोडतो?

पुढच्या मे महिन्यात काठी रोवा. घरातल्या लेकरांना सावली मोजू द्या. आणि फडावर कोणी ‘हे आपल्याकडे आधीच होते’ म्हणाले, तर नम्रपणे विचारा : महाराज, आपण पाय उचलून पाहिले का?

रामकृष्णहरी.