फायटिंग कुणाची भारी?

सगळ्यांत भारी फायटिंग कुणाची, हा वाद आमच्या हिंगोली जिल्ह्यात फार जुना आहे. जिल्हा परभणीपासून वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. वाद त्याच्याही आधीचा. पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओवर पिक्चर दाखवत, तेव्हा ब्रूस ली मोठा की जॅकी चॅन, यावरून पोरे हमरीतुमरीवर येत. पुढे दक्षिणेतले सिनेमे हिंदीत डब होऊन टीव्हीवर आले, मग ‘बाहुबली’, ‘केजीएफ’, ‘पुष्पा’ आले, आणि आता तर पिक्चर खिशातल्या मोबाईलवर आला. एस.टी. स्टँडवर, कटिंगच्या दुकानात, हिंगोलीच्या दसऱ्यात पाळण्याच्या रांगेत हा वाद आजही ऐकू येतो. एकट्याने किती जणांना लोळवले, डुप्लिकेट न घेता कुणी उडी मारली, कुणाची लाथ किती उंच गेली, याचा चोख हिशेब चाललेला असतो.

आपण कार्यकर्त्या अशा गप्पांकडे ‘पोरांचा टाईमपास’ म्हणून बघतो. नाहीतर ‘हिंसक सिनेमांनी मुले बिघडतात’ एवढे म्हणून मोकळ्या होतो. मला दोन्ही पुरेसे वाटत नाही. पुरुष म्हणजे कोण, त्याने राग कसा दाखवायचा, बाईसाठी काय करायचे, हे गावातल्या मुलांना शाळेपेक्षा या सिनेमांनी जास्त शिकवले आहे. आणि आता मुलीही हे सिनेमे पाहतात, आवडीने पाहतात. म्हणून या वादात आपण उतरले पाहिजे, आणि आपला प्रश्न घेऊन उतरले पाहिजे.

किशोरींच्या शिबिरात मी हल्ली मुद्दाम विचारते, “फायटिंग करणारी तुमची आवडती बाई कोण?” आधी शांतता असते. मग नावे येतात: ‘सैराट’मधली आर्ची, ‘मर्दानी’तली राणी मुखर्जी, ‘बाहुबली’तली देवसेना. एकदा एक मुलगी म्हणाली, “पण ताई, हे पिक्चर फायटिंगमध्ये थोडेच धरतात?” तिने नेमके बोट ठेवले. बाईने मारलेला फटका यादीत धरला जात नाही. आणि बाईच्या हातात शस्त्र द्यायचे झालेच, तर कथा आधी तिच्याकडून जबर किंमत वसूल करून घेते.

पोरांच्या यादीत हमखास वरती असलेला ‘एंटर द ड्रॅगन’ (1973) घ्या. त्यात ब्रूस लीच्या बहिणीचे काम अँजेला माओ हिने केले आहे. ती हाँगकाँगच्या सिनेमातली स्वतःच्या नावावर चित्रपट चालवणारी नटी. या चित्रपटात गुंडांची टोळी मागे लागते तेव्हा ती एकेकाला चांगले लोळवते. पण कोपऱ्यात सापडल्यावर विटंबना होऊ नये म्हणून काचेचा तुकडा स्वतःच्याच पोटात खुपसून घेते. मग भाऊ बदला घेतो. एवढी लढवय्यी बाई, पण कथेत तिचे काम काय, तर मरून भावाला कारण पुरवणे! हा सिनेमा पन्नास वर्षे पाहणाऱ्या किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे?

आणि याच्या सात वर्षे आधीचा ‘कम ड्रिंक विथ मी’ (1966) पाहा. दिग्दर्शक किंग हू. यात नायिका चेंग पेई-पेई ही दरोडेखोरांनी ओलीस धरलेल्या आपल्या भावाला सोडवायला निघते. चेंग पेई-पेई नृत्य शिकलेली होती, आणि तिच्या तलवारीच्या हालचालींत ते नृत्य दिसते. म्हणजे बहिणीने भावाला वाचवायचे, ही कथाही सुचत होती आणि चालतही होती. जगभर आणि आपल्याकडे डोक्यावर घेतली गेली ती मात्र दुसरी कथा.

आपल्याकडेही असेच झाले आहे. 1935 साली मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ काढला. नायिका नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात पर्थ इथे जन्मलेली मेरी इव्हान्स. हातात चाबूक, डोळ्यांवर मुखवटा, घोड्यावर मांड. 1936 च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते. 1940 च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये बायकांच्या स्वातंत्र्यावर चार शब्द सुनावतेसुद्धा. नादियाला हात उचलण्यासाठी आधी अत्याचार सोसावा लागत नाही, हे विशेष. अन्याय दिसला की ती मारते, आणि मारताना हसते. अर्थात ती गोरी, निळ्या डोळ्यांची होती. ‘आपल्या’ घरातली लेक-सून नव्हती, म्हणून तिला एवढी मोकळीक मिळाली असेल, असेही मला वाटते.

‘आपल्या’ बाईची पाळी आली तेव्हा काय झाले? ‘इन्साफ का तराजू’ (1980), ‘प्रतिघात’ (1987), ‘जख्मी औरत’ (1988) आठवा. ‘प्रतिघात’मधल्या प्राध्यापिकेची भर रस्त्यात विटंबना होते, मग शेवटी ती कुऱ्हाड उचलते. ‘जख्मी औरत’मधली नायिका तर पोलीस अधिकारी. तिच्यावरही आधी सामूहिक बलात्कार दाखवावा लागतो. म्हणजे बाईला हिंसेचा परवाना बलात्कारानंतरच मिळतो. पुरुष नायक चहाच्या टपरीवर कुणी धक्का मारला तरी दहा जणांना झोपवतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. शिवाय अत्याचाराचे दृश्य चवीने, लांबवून दाखवायचे आणि सूड शेवटच्या दहा मिनिटांत उरकायचा. थिएटरमध्ये शिट्ट्या नेमक्या कुठे पडत, हे आपल्यापैकी अनेकींनी ऐकले आहे.

हे सिनेमे पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक एक प्रश्न सोबत घेऊन जातो: ‘तिने का नाही मारले? ओरडली का नाही?’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी धरले होते. पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून प्रतिकार झाला नाही असा अर्थ लावला गेला. पोलीस ठाण्यात, रात्री, खाकी वर्दीसमोर एका गरीब पोरीने फायटिंग करायला हवी होती! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1980 मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केले, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. हे कलम मिळवायला चळवळीची चाळीस वर्षे गेली. सिनेमाचा तर्क मात्र अजून 1978 सालातच आहे.

म्हणूनच मुलींच्या स्वसंरक्षण वर्गांबद्दलही मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. वर्ग हवेतच. अंगात ताकद येते, आवाज मोकळा होतो, मैदान मिळते. पण ‘आता तुला कराटे येते, तुझी जबाबदारी तू घे’ असे त्याचे रूपांतर होऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते, की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. सिनेमातला गुंड परका असतो, दाढीवाला असतो, लगेच ओळखू येतो. इथे तो शेजारी असतो, नात्यातला असतो, ज्याच्या शेतात आई रोजाने जाते तो असतो. त्याला लाथ मारली तर उद्याच्या मजुरीचे काय, हे कोणत्याही कराटे वर्गात शिकवत नाहीत.

आमच्या भागातल्या एका गावात शाळेला जाणाऱ्या एका मुलीने रोज त्रास देणाऱ्या मुलाच्या कानाखाली ओढली. सिनेमा असता तर इथे टाळ्या पडल्या असत्या. गावानेही दोन दिवस तिला ‘वाघीण’ म्हटले. आठवडा झाला नाही तोच घरच्यांनी तिची शाळा बंद केली आणि पाहुण्यांकडे स्थळाची चौकशी सुरू झाली. ती तेव्हा दहावीत होती. गटातल्या बाया तिच्या घरी तीन वेळा गेल्या, आईशी बोलल्या, बापाशी भांडल्या. मुख्याध्यापकांना भेटल्या. गावातल्या पाच मुलींनी रोज बरोबरच जायचे ठरवले. पोरगी परीक्षेला बसली. यात डोळ्यांत भरेल असे एकही दृश्य नाही. पण खरी लढत फटक्यानंतर सुरू होते, आणि ती एकटीने लढता येत नाही.

आर्चीकडे पुन्हा येऊ, कारण आमच्या मुलींचा जीव तिच्यात अडकला आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (2016) बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, वेळेला पिस्तूल झाडणारी नायिका दिली. मुलींना ती का आवडते हे मला चांगले समजते. पण शिबिरात मी विचारते, हीच बुलेट परशाच्या बहिणीने चालवली असती तर? आर्ची पाटलाची लेक आहे. तिच्या बेधडकपणाला जमिनीचे आणि जातीचे पाठबळ आहे. आणि तरीही जातीबाहेर पाऊल टाकताच तिचाच भाऊ येऊन दोघांना संपवतो. ही गोष्ट मुलींना आपोआप समजते. मुलांना समजावून सांगावी लागते.

‘मर्दानी’ (2014) या नावाचेही तसेच. राणी मुखर्जीने पोलीस अधिकारी उत्तम उभी केली. पण बाई धीट निघाली की तिला मर्दाचा शिक्का का लावायचा? आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, हे अंगमेहनतीचे काम बाया दिवसभर करतात. त्या ताकदीला कुणी मर्दानी म्हणत नाही आणि तिला मजुरीही पुरुषाएवढी देत नाही.

सिनेमातली मेहनतही अशीच झाकली जाते. ‘शोले’तला (1975) बसंतीचा टांगा सगळ्यांना आठवतो. त्या टांग्यावर हेमामालिनीची डुप्लिकेट म्हणून जिवावर उदार झालेली बाई म्हणजे रेश्मा पठाण. स्टंट करणाऱ्या पुरुषांच्या गर्दीत या धंद्यात उतरलेली ती मुसलमान घरातली मुलगी. एरवी नायिकेच्या उड्या पुरुषच साडी नेसून आणि विग घालून मारत. तिच्यावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट निघाला तो 2019 साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.

आणि पडद्यावरच्या बाईला टाळ्या देणारा समाज प्रत्यक्षात काय करतो? ‘दंगल’ (2016) घरोघर पाहिला गेला. 2023 मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक आणि इतर कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या, आणि 28 मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत उचलले. तेव्हा ‘दंगल’वाले प्रेक्षक कुठे होते? आपल्या राज्यातही पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून होते. महिलांची पहिली स्पर्धा सांगलीला झाली 2023 मध्ये. ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. मधली बासष्ट वर्षे मुलींच्या अंगात जोर नव्हता, असे थोडेच आहे?

मला कुणी विचारले, सगळ्यांत भारी कोणता, तर माझे मत केतन मेहतांच्या ‘मिर्च मसाला’ला (1987). सुभेदाराच्या हाती सापडू नये म्हणून सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते. स्मिता पाटीलची ही भूमिका तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आली. गावचे पुरुष तिला स्वाधीन करायला तयार होतात. आत कामाला असलेल्या काही बायाही आधी तिलाच बोल लावतात, आणि हे मला फार खरे वाटते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ तेवढा दार उघडत नाही. मुखियाची बायको इतर बायकांना घेऊन थाळ्या वाजवत निघते. शेवटी आतल्या बाया रोज जी मिरची कुटतात, तीच मिरचीपूड सुभेदाराच्या डोळ्यांत फेकतात. कुणालाही कुंगफू येत नाही. शस्त्र रोजच्या कामातले आहे आणि हात अनेकींचे आहेत. 1972 च्या महागाईविरोधी मोर्च्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह लाटणी घेऊन निघालेल्या बायकांची जात हीच. दारूचे दुकान बंद करण्यासाठी बाटली आडवी करणाऱ्या बायाही याच.

माझी सूचना साधी आहे. आपापल्या गटात, किशोरी मंडळात मारामारीचा एक सिनेमा मुद्दाम दाखवा. मुलांनाही बोलवा. नंतर तीन प्रश्न विचारा. बाईला हात उचलायची परवानगी कथेने केव्हा दिली? बदला कुणाचा, तिचा की तिच्या घरातल्या पुरुषांचा? आणि फटका मारल्यावर दुसऱ्या दिवशी तिचे काय झाले असेल? चर्चा संपली की अजून एक काम करा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आमच्याकडे पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या उजेडात धावतात. गावचे मैदान मुलांच्या क्रिकेटने भरलेले असते. ग्रामसभेत अर्ज द्या, की मैदान सकाळ-संध्याकाळ दोन तास मुलींसाठी राखून ठेवावे आणि तिथे दिवा लावावा. अर्जावर सह्या गटातल्या सगळ्या बायांच्या घ्या. काय उत्तर आले ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.