संथ प्रोग्रामचे वीजबिल

कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी आणि महाविद्यालयातील संगणकावर चालणारा प्रोग्राम यांचा काही संबंध असेल, असे नागपूरकरांना सहसा वाटत नाही. पण तो आहे. प्रोग्राम जितका जास्त वेळ चालतो तितकी जास्त वीज खर्च होते आणि आपल्याकडे ती प्रामुख्याने कोळसा जाळूनच येते. म्हणूनच पायथॉनसारख्या भाषांचा संथपणा हा केवळ संगणक अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

१९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी जगापुढे आणलेली पायथॉन शिकायला सोपी आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला ती शिकवली जाते; हवामानापासून जनुकांपर्यंतचे संशोधन तिच्यावर चालते. या सोपेपणाची किंमत वेगात मोजावी लागते. 'सी' भाषेतील प्रोग्रामचे यंत्रभाषेत आधीच संपूर्ण भाषांतर होते. पायथॉनमध्ये मात्र दुभाषी सतत सोबत असतो आणि प्रोग्राम चालू असताना एकेक सूचना उलगडून सांगतो. शिवाय समोरची वस्तू संख्या आहे की शब्द, हे तो दरवेळी तपासतो. कळमना बाजारात आलेल्या ट्रकमधील प्रत्येक संत्रे हातात घेऊन 'हे संत्रेच आहे ना?' असे विचारण्यासारखेच हे!

फरक किती पडतो? अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक उदाहरण दिले. प्रत्येकी ४,०९६ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या दोन तक्त्यांच्या गुणाकाराला साध्या पायथॉनमध्ये सुमारे सात तास लागले. 'सी'मध्ये तेच काम सुमारे नऊ मिनिटांत झाले. यंत्राची रचना ओळखून प्रोग्राम नीट बांधल्यावर त्याच संगणकावर ०.४१ सेकंद पुरले.

म्हणून पायथॉन टाकून द्यायची का? मुळीच नाही. महिन्यातून एकदा चालणाऱ्या प्रोग्राममध्ये यंत्राच्या वेळेपेक्षा माणसाचा वेळ मोलाचा असतो. जड आकडेमोडीसाठी 'नमपाय'सारखी साधने आहेत. ती सारा ट्रक संत्र्यांचाच आहे हे एकदा मान्य करून पूर्ण ढीग एकदम मोजतात. आयआयटी मुंबईत प्रा. प्रभू रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'पायएसपीएच'मध्ये द्रवांच्या प्रवाहाची समीकरणे पायथॉनमध्येच लिहायची असतात; त्यांचे वेगवान रूप संगणक स्वतः तयार करतो. मूळ भाषाही सुधारते आहे. २०२२ ची ३.११ ही आवृत्ती आधीच्यापेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान ठरली.

उणीव आहे ती शिकवण्यात. प्रात्यक्षिकात उत्तर बरोबर आले की वहीवर सही मिळते. त्याला किती वेळ लागला, हे क्वचितच विचारले जाते. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वहीत आणखी एक रकाना वाढवावा : लागलेला वेळ. आज प्रयोगशाळेत वाया जाणारे काही सेकंद उद्या रात्रंदिवस चालणाऱ्या हजारो यंत्रांवर पसरतात. त्यांचे बिल कोळशात चुकवावे लागते आणि राख कोराडी-खापरखेड्याच्या गावांवर पडते.