एका तांदळाचे तीन भाव

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ एकीकडे साकोली, भंडारा, नागपूर गाठतो आणि दुसरीकडे देवरी ओलांडून राजनांदगावला पोचतो. छत्तीसगडने २०२३ पासून धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये देऊ केले, तेही एकरी २१ क्विंटलपर्यंत. इकडे महाराष्ट्रात २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये. सातशेवर रुपयांचा हा फरक असताना धान पूर्वेची वाट धरणारच. म्हणून हंगामात छत्तीसगड सीमेवर नाके बसवते. नाका ट्रक अडवतो. भावातली तफावत अडवणे त्याच्या हातात नाही.

तफावतीचे दुसरे टोक राशन दुकानात आहे. १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य फुकट झाले: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. हेच धोरण लातूरला वेगळे लागू पडते आणि गोंदियाला वेगळे. गोंदियासारख्या झाडीपट्टीत ज्याचे दोन एकर धान आहे त्याच्या ढोलीत खाण्यापुरते बारीक धान असतेच. तो १०१० वाणासारखे ठोकळ धान सरकारी खरेदी केंद्रावर विकतो, जेवणात घरचा तांदूळ शिजवतो आणि राशनचा जाड तांदूळ कोपऱ्यात पडून राहतो. मग दारावर तराजू घेऊन कुणीतरी येतोच. त्याच्याकडून तो तांदूळ पुढे भरडाईच्या गिरणीत पोचतो, हे त्या धंद्यातल्यांना वेगळे सांगायची गरज नाही.

सरकारचा हिशेब मात्र मांडून पाहावा. क्विंटलभर धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ जमा करायचा, म्हणजे किलोमागे नुसत्या धानाचेच ३५ रुपये ३६ पैसे झाले. भरडाई, बारदाना, वाहतूक, गोदामभाडे वेगळे. हाच किलो भरडाईचा तांदूळ म्हणून पुन्हा गोदामात जमा झाला, तर सरकार एकाच दाण्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजते.

दोष फक्त लोभाचा नाही. इजिप्तमध्ये अनुदानित पाव इतका स्वस्त होता की तो कोंबड्या-गुरांपुढे पडे. २०१४ मध्ये तिथे स्मार्ट कार्ड आले आणि न घेतलेल्या पावाचे गुण साठवून दुसरा किराणा घेण्याची मुभा मिळाली. धानपट्ट्यातल्या कार्डधारकाला तांदळाऐवजी डाळ किंवा तेल निवडू दिले, तर तराजूवाल्याचा धंदा आपोआप मंदावेल. फुकट धान्य बंद करा, असे त्यातून निघत नाही. भूमिहीन मजुराची चूल त्यावरच पेटते.

महाराष्ट्रात धानावर मिळणाऱ्या बोनसचा अनुभवही बोलका आहे. २०२०-२१ मध्ये तो क्विंटलला ७०० रुपये होता, ५० क्विंटलपर्यंत. साहजिकच पोत्यांची संख्या सातबाऱ्यावर चढवण्याचा मोह होता. २०२२-२३ पासून तो हेक्टरी झाला: आधी १५ हजार, पुढच्या वर्षी २० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पैसा पोत्यापासून सुटला हे बरेच झाले, पण मोहाने आता नोंदणीचे पोर्टल गाठले. पडीक जमिनीवर धान दाखवले तरी पैसे मिळू शकतात, म्हणून पीकपाहणी बांधावर जाऊनच व्हायला हवी.

चिन्नोरचे काय? भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उशिरा निसवणारे, कमी उताऱ्याचे, सुवासिक धान. हमीभावाच्या तक्त्यात साधारण आणि ‘अ’ दर्जातला फरक अवघा २० रुपये. त्यात सुवासाला वेगळा रकाना नाही. खरेदी केंद्राच्या भरवशावर बसणारा शेतकरी मग १०१० च पेरतो. ज्या सहकारी संस्था केंद्रे चालवतात, त्यांनीच चिन्नोरची वेगळी साठवण आणि वेगळी भरडाई हाती घेतली, तर शेतकऱ्याला सरकारी भावाची वाट पाहावी लागणार नाही.