औषध कोणतं?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'औषध' हा शब्द दोन दुकानांत चालतो. मेडिकलमध्ये मिळतं तेही औषध आणि कृषी केंद्रात मिळतं तेही औषधच. तापावर औषध घ्यायचं, कपाशीवर औषध मारायचं. बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही. तो होतो फवारणी करणारा मजूर दवाखान्यात येऊन पडतो तेव्हा.

परवा ओळखीच्या एका डॉक्टरांकडे बसलो होतो. टेबलावर 'सिम्स'ची जुनी, कोपरे दुमडलेली प्रत. कंपनीचं नाव शोधा, आत काय आहे, किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, सगळं सापडतं. मी सहज विचारलं, "आणि कृषी केंद्रातल्या औषधांचं पुस्तक?" त्यांनी खण उघडला. आत रिकाम्या बाटल्यांवरून सोडवून ठेवलेली लेबलं होती. तेच त्यांचं पुस्तक.

2017 चा पावसाळा इथे कुणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. त्यात मजूर बरेच. बाटली मालकाकडे, ड्रममध्ये दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. "औषध कोणतं?" या प्रश्नाला मजूर काय सांगणार? "पांढरं होतं, साहेब."

उत्तर महत्त्वाचं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, छाती भरते; तिथे अॅट्रोपिन लागतं, छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. पण सगळ्या कीटकनाशकांना उतारा नसतो. पायरेथ्रॉइडला खास असा नाही. अनुभवी डॉक्टर नावासाठी थांबत नाही, लक्षणं बघून उपचार सुरू करतो, हे खरं. पण मिश्रणात लक्षणंही मिसळतात, आणि अॅट्रोपिन जास्त झालं तर तेही बाधतंच.

कुणी म्हणेल, माहितीपत्रक असतंच की. असतं. 1971 च्या नियमांप्रमाणे त्यात विषबाधेची लक्षणं आणि उतारा द्यावा लागतो. पण ते बारीक अक्षरातलं पत्रक धुऱ्यावर चिखलात पडलेलं असतं आणि माणूस दवाखान्यात. दिल्लीच्या एम्समध्ये 1995 पासून विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, चोवीस तास. तिथेही पहिला प्रश्न हाच येणार ना, औषध कोणतं?

माणसांच्या औषधांसाठी आपण 1960 मध्येच 'नॅशनल फॉर्म्युलरी' काढली. डॉक्टरच्या हाताशी कंपनीची जाहिरात नव्हे, भरवशाचं पुस्तक असावं म्हणून. अॅट्रोपिन कसं द्यायचं हे पुस्तकांत आहेच. बाटलीवरच्या नावापासून अॅट्रोपिनपर्यंतची वाट तेवढी टेबलावर नाही.

मला वाटतं, कृषी आणि आरोग्य खात्याने मिळून दर जूनमध्ये प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पातळ पुस्तिका द्यावी. जिल्ह्यात विकली जाणारी नावं, लोक उच्चारतात तशी. पुढे घटक, पुढे उतारा. उतारा नसेल तर तसं स्पष्ट. चाळीस पानांत मावेल. आणि मालकाने मजुराला दवाखान्यात पाठवताना बाटलीही बरोबर द्यावी. याला तर छपाईचाही खर्च नाही.

तोवर डॉक्टरांचा तो खण आहेच. निघताना त्यांनी अजून एक लेबल त्यात टाकलं. ओलंच होतं.