दूध पचत नाही, म्हणून हाडं उपाशी ठेवायची का?

‘दूध म्हणजे पूर्णान्न’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसवलं गेलंय. मग धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या मुलाचं दुधाने पोट फुगलं, जुलाब झाले, की ‘नखरे करतो’ म्हणून मोकळं व्हायचं! दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं विकर बालपणानंतर जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होतं. यात कमीपणा कसला?

पण मित्रांनो, दूध सोडून गप्प बसणंही घातक आहे. हाडांना कॅल्शियम लागतंच. १०० मिली दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असतं. १०० ग्रॅम नाचणीत जवळपास तिप्पट. तीळ आहेत, काट्यासकट खायचे बारीक मासे आहेत. ताक-दही अनेकांना सोसतं. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन हवं.

आणि सरकार काय करतं? जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातला अंडा पुलाव आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक केलं; खर्च लोकसहभागातून करा म्हणे! सातपुड्यातल्या मजुराने वर्गणी कुठून काढायची?

अन्नावरून माणसाची पायरी कशी ठरवली गेली, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये दाखवलं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत जा, ग्रामसभेत उभे राहा. नाचणी आणि अंडं दानातून नको, हक्काने ताटात हवं.

जय भीम!