हेल्मेट दंडासाठी की डोक्यासाठी?

जळगावच्या आकाशवाणी चौकात पोलिस दिसले, की दुचाकीच्या आरशाला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते. चौक ओलांडताच पुन्हा आरशावर जाते. धुळ्यात आग्रा रोडवरही चित्र वेगळे नाही. हेल्मेटसक्तीचा विषय निघाला, की आपल्याकडे चर्चा दंडाची होते. हेल्मेट प्रत्यक्षात किती वाचवते, हा प्रश्न मागेच राहतो.

त्याचे उत्तर उपलब्ध आहे. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी घटतो. या दोन आकड्यांतील अंतरही बोलके आहे. छाती, पोट यांवरील आघातापुढे हेल्मेटचा इलाज चालत नाही. आणि डोक्यापुरतेही ते कवचकुंडल नव्हे. फॉर्म्युला वनचा विजेता मायकेल शूमाकर २०१३ मध्ये बर्फावर स्कीइंग करताना खडकावर आदळला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. तरीही मेंदूला गंभीर दुखापत झाली.

हेल्मेटचे खरे काम बाहेरचे टणक कवच एकटे करीत नाही. आतील थर्माकोलसारखा जाड थर आघाताच्या वेळी चेपला जातो आणि मेंदूला बसणारा धक्का सौम्य होतो. म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी निकामी समजावे. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपीवजा हेल्मेटमध्ये हा थर नावापुरताच असतो. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीस्वारांची हेल्मेट विकण्यास मनाई आहे. पट्टा बांधलेला नसेल, तर उत्तम हेल्मेटही पहिल्याच धडकेत उडून जाते.

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा हेल्मेट नकोसे वाटणे ही सबब म्हणता येणार नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून जाड रुमाल गुंडाळून वर हेल्मेट चढवले, की ते डोक्यावर नीट बसत नाही.

सर्वांत दुर्लक्षित आहे तो मागे बसणारा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघातात बळी गेला. त्यांतील १४,३३७ जण मागच्या आसनावर होते. भुसावळ वा पारोळ्याकडे निघालेल्या जोडप्यांकडे पाहावे. हेल्मेट असलेच तर एकच असते, आणि ते गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर.